पेकोस नदीकाठची फुटलेली गॅसवाहिनी: पोलाद आतून पोखरणाऱ्या जिवाणूंचे प्रकरण

१९ ऑगस्ट २०००, शनिवार. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, कार्ल्सबॅड शहराजवळ, पेकोस नदीच्या काठाला लागून असलेली ३० इंच व्यासाची नैसर्गिक वायूची पाइपलाइन पहाटे ५ वाजून २६ मिनिटांनी फुटली. बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला आणि आग ५५ मिनिटे धगधगत राहिली. पाइपलाइन नदीपार नेणाऱ्या पुलाखाली तंबू टाकून राहिलेल्या १२ जणांचा त्यात जीव गेला. फुटल्या जागी ५१ फूट रुंद आणि पाइपच्या दिशेने ११३ फूट लांब खड्डा पडला. ४९ फूट पाइप तीन तुकड्यांत उडाला. त्यातला सर्वांत मोठा तुकडा २८७ फुटांवर जाऊन पडला.

ही एल पासो नॅचरल गॅस कंपनीची ११०३ क्रमांकाची लाइन, १९५० साली टाकलेली. अपघाताची चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने केली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. पाइपची भिंत आतल्या बाजूने गंजून फार पातळ झाली होती. कंपनीच्या गंज-नियंत्रण कार्यक्रमाला हा गंज टाळता आला नाही, शोधता आला नाही आणि आवरताही आला नाही. गंजाचे कारण सांगताना मंडळाने सूक्ष्मजीवांचे नाव घेतले, पण एकट्याचे नाही: ओलावा, क्लोराइड, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्या जोडीने, आणि शक्यतेच्या भाषेत. ती सावधगिरी योग्यच होती. निदानाच्या भागात त्याची कारणे येतील.

जिवाणूजन्य गंजाची बरीच प्रकरणे ‘जिवाणू सापडले, म्हणून जिवाणूंनी केले’ एवढ्यावर मिटवली जातात. या प्रकरणात मात्र पाणी कुठून सुटले, कुठे अडायला हवे होते, का अडले नाही, कुठे साचले आणि तिथल्या धातूवर काय खुणा उमटल्या, ही साखळी जवळजवळ पूर्ण हाती लागते. जिवाणू वाहिनीत जागोजागी असतात. भोक तिथेच पडते जिथे पाणी मुक्कामाला राहते.

भिंत किती उरली होती

पाइप एक्स-५२ प्रतीच्या पोलादाचा होता. बाहेरचा व्यास ३० इंच, म्हणजे ७६२ मिमी. भिंतीची जाडी ०.३३५ इंच, म्हणजे ८.५ मिमी. परवानगी असलेला कमाल दाब ८३७ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड). हा आकडा कुठून येतो ते साध्या गणितात दिसते. आतला दाब भिंतीला परिघाच्या दिशेने ताणतो, आणि तो ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. एक्स-५२ पोलाद ५२,००० पीएसआय ताणाला कायमचे लांबू लागते. त्याच्या ७२ टक्क्यांपर्यंत ताण चालवून घ्यायचा असे धरून उलटे गणित केले की दाब साधारण ८३६ पीएसआय येतो. फुटण्याच्या वेळी दाब सुमारे ६७५ पीएसआय होता, म्हणजे मर्यादेच्या ८० टक्के. धड भिंतीवर त्याचा ताण जेमतेम ३०,२०० पीएसआय पडला असता.

गंजलेल्या भागात मात्र काही ठिकाणी भिंतीची ७२ टक्के जाडी गेली होती (वरच्या ७२ शी याचा संबंध नाही). उरले साधारण २.४ मिमी. त्या जाडीला तेच सूत्र लावले तर ताण १,०७,००० पीएसआयच्या पुढे जातो, आणि एक्स-५२ ची तुटण्याची किमान क्षमता ६६,००० पीएसआय आहे. इतकी पातळ भिंत लांबवर सलग असती, तर पाइप याहून कमी दाबालाच फाटला असता. एकटादुकटा खोल खड्डा असा फाटत नाही, कारण शेजारचे जाड पोलाद त्याचा भार उचलते. असा खड्डा आरपार गेला तर बारीक गळती होते, ती सापडते, पाइपचा तुकडा बदलला जातो. पेकोसकाठच्या पाइपमधले खड्डे एकमेकांत मिसळले होते. भार उचलायला मध्ये जाड धातू उरला नाही की गळतीऐवजी स्फोटक फाट होते. गंजलेल्या पाइपची उरलेली ताकद मोजायच्या बी-३१-जी या प्रचलित पद्धतीत खोलीबरोबर गंजाची लांबी घालावी लागते ती याचसाठी. खोली ८० टक्क्यांच्या, म्हणजे या पद्धतीतल्या कमाल मर्यादेच्या, आत आहे म्हणून निर्धास्त राहणे चूक. या पाइपची खोलीही ८० च्या आतच होती.

आणखी एक आकडा फसवणारा आहे. ५० वर्षांत ६.१ मिमी, म्हणजे वर्षाला सरासरी ०.१२ मिमी. ही सरासरी कागदावर सौम्य दिसते. पण खड्ड्याची वाढ सरळ रेषेत होत नाही. पाणी येते, सुकते, पुन्हा येते. गाळाचा थर बसेपर्यंत वर्षे जातात आणि थर बसल्यावर वेग एकदम वाढतो. लाइन सुरू झाल्याच्या वर्षापासून सरासरी काढून ‘अजून इतकी वर्षे चालेल’ असा हिशेब जिवाणूजन्य गंजात कधीही करू नये.

पाणी तिथेच का थांबले

लांब पल्ल्याच्या वाहिनीतला वायू कोरडा असावा अशी अट असते. अमेरिकेत प्रचलित मर्यादा दहा लाख प्रमाणित घनफुटांमागे ७ पाउंड पाण्याची आहे, म्हणजे घनमीटरला साधारण ११२ मिलिग्रॅम. या मर्यादेत वायू राहिला तर नेहमीच्या तापमानाला पाणी सुटत नाही. अडचण येते ती वायू सुकवणाऱ्या संयंत्रात बिघाड झाला की. तेव्हा पाणी, ग्लायकॉल (वायू सुकवायला वापरला जाणारा द्रव), कॉम्प्रेसरचे तेल, जड हायड्रोकार्बन असे मिश्रण लाइनमध्ये शिरते. बिघाड काही तासांत दुरुस्त होतो. आत गेलेला द्रव मात्र पुढे सरकत राहतो आणि पहिल्या सखल जागी बसतो.

हा द्रव काढून घेण्यासाठी लाइनच्या तळाला ‘ड्रिप’ जोडलेली असते. वाहता द्रव पाइपच्या तळावरून येतो, ड्रिपमध्ये पडतो, साठतो, आणि ठराविक दिवसांनी झडप उघडून बाहेर काढला जातो. लाइन ११०३ वर फुटल्या जागेच्या आधी, वायू येतो त्या बाजूला, अशी ड्रिप होती. चौकशीत ती अर्धवट तुंबलेली आढळली. त्यामुळे काही द्रव तिला ओलांडून पुढे गेला आणि जिथे पाइपच्या वाकामुळे सखल जागा तयार झाली होती, तिथे साचला. पाइप फुटला तो त्याच जागी.

सखल जागेनंतरचा चढ इथे निर्णायक असतो. वायूचा वेग पुरेसा असेल तर तो पाण्याचा पातळ थर चढावर ढकलून नेतो. वेग कमी किंवा चढ जास्त असेल तर थर मागे घसरतो आणि तळाशी डबके राहते. दिलेल्या वेगाला आणि दाबाला किती अंशांच्या चढावर पाणी थांबेल हे काढता येते. कोरड्या वायूच्या लाइनसाठी एनएसीई या गंज-अभियंत्यांच्या संस्थेने २००६ मध्ये आणलेली एसपी-०२०६ ही पद्धत याच कल्पनेवर उभी आहे: लाइनचा उंच-सखलपणा मोजायचा, या निर्णायक कोनापेक्षा तीव्र असलेला पहिला चढ शोधायचा, आणि त्याच्या पायथ्याशी खणून भिंत मोजायची. नदी, ओढा किंवा रस्ता ओलांडताना पाइप खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. अशा प्रत्येक ओलांडणीकडे याच संशयाने पाहायला हवे.

या भागातून सफाईचे पिग फिरवता येत नव्हते, हे दुसरे कारण. पिग म्हणजे वायूच्या दाबाने पाइपमधून ढकलत नेला जाणारा ब्रश किंवा रबरी चकत्यांचा गोळा. तो भिंत खरवडतो आणि द्रव व गाळ पुढे लोटून बाहेर काढतो. एनटीएसबीचे म्हणणे स्पष्ट आहे: हा भाग पिगजोगा असता, पिग नियमित फिरले असते आणि दर फेरीनंतर निघालेला द्रव व गाळ लाइनमधून पूर्ण काढला गेला असता, तर इथला गंज बहुधा इतका तीव्र झाला नसता.

खड्ड्यांत काय सापडले

फुटलेल्या भागात आतल्या बाजूला एकमेकांना जोडलेले खड्डे होते. त्यांच्या तळाशी समांतर रेघा होत्या, आणि खड्डे तोंडापेक्षा आतून रुंद होते, म्हणजे कड खालून पोखरलेली होती. खड्ड्याच्या तोंडापासून तळाकडे जाताना क्लोराइडचे प्रमाण सतत वाढत गेलेले आढळले. गंजलेल्या भागातून घेतलेल्या नमुन्यांत जिवाणूंचे चारही गट सापडले: सल्फेटचे सल्फाइड करणारे, आम्ल तयार करणारे, ऑक्सिजनवर जगणारे आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे.

जिवाणू पोलादाला नेमके काय करतात

गंज ही विद्युतरासायनिक क्रिया आहे. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून द्रावणात जातो. दुसऱ्या जागी ते इलेक्ट्रॉन कुणीतरी उचलतो. उचलणारा नसेल तर गंज थांबतो. जिवाणू या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना हात घालतात: विरघळण्याची जागा आम्लाने सोपी करतात आणि इलेक्ट्रॉन उचलण्याची सोय वाढवतात.

सुरुवात होते ती बायोफिल्मने. पाण्यातले जिवाणू भिंतीला चिकटतात, चिकट शर्करांचे आवरण तयार करतात आणि त्यात गंजाचे कण, वाळू, तेल अडकत जाते. वरच्या थरातले ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू आत झिरपणारा थोडाफार ऑक्सिजन संपवून टाकतात. त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असला तरी बायोफिल्मच्या तळाशी तो नसतो, आणि तिथे ऑक्सिजन न चालणाऱ्या जिवाणूंना घर मिळते. बायोफिल्मखालचा भाग आणि शेजारचा उघडा भाग यांत ऑक्सिजनचा फरक पडला की नुसत्या त्या फरकानेही गंजाची विद्युतघटी तयार होते. ऑक्सिजन कमी असलेली जागा खड्डा होते.

आम्ल करणारे जिवाणू ग्लायकॉल, तेलातले घटक किंवा मेलेल्या जिवाणूंचे अवशेष खाऊन ॲसिटिक आणि फॉर्मिक यांसारखी सेंद्रिय आम्ले सोडतात. बाहेरच्या पाण्याचा पीएच ६ ते ७ असताना थराखाली तो बराच खाली गेलेला असू शकतो. म्हणून ड्रिपमधून काढलेल्या पाण्याचा पीएच बरा आला तर त्यावरून भिंतीजवळचा पीएच ठरवता येत नाही. शिवाय ही आम्ले आणि सोबत सुटणारा हायड्रोजन सल्फेटवाल्या जिवाणूंचे अन्न आहे. दोन्ही गट एकमेकांना पोसतात. वेगळे करून प्रयोगशाळेत वाढवले की त्यांची गंजवण्याची ताकद बरीच कमी दिसते.

सल्फेटवाले जिवाणू, ज्यांना क्षेत्रात सगळे एसआरबी म्हणतात, श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात. सल्फेटचा एक आयन आठ इलेक्ट्रॉन घेऊन सल्फाइड होतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि लोखंडाचा काळा सल्फाइड तयार होतो. १९३४ मध्ये फॉन वोल्झोगेन क्यूर आणि फान डर फ्लुख्त या डच संशोधकांनी मांडले की हे जिवाणू धातूवर जमणारा हायड्रोजन खाऊन टाकतात आणि त्यामुळे अडकलेली क्रिया पुढे सरकते. त्यांच्या हिशेबाने चार लोखंडी अणूंमागे एक सल्फाइड व्हायला हवा. प्रत्यक्षात हे प्रमाण फार कमी-जास्त येते, म्हणजे एवढ्या एका कारणाने काम भागत नाही. बहुतेक पाइपलाइनमध्ये जास्त नुकसान करतो तो तयार झालेला सल्फाइडच. तो विजेचा वाहक आहे आणि पोलादाला चिकटून राहिला की मोठ्या क्षेत्राचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन उचलले जाण्याची जागा, बनतो. सभोवती सल्फाइडचा मोठा थर आणि मध्ये उघड्या पोलादाचा छोटा ठिपका अशी रचना झाली, की सगळा प्रवाह त्या ठिपक्यातून जातो आणि तिथे खोल भोक पडते. काही प्रजाती पोलादातून इलेक्ट्रॉन थेट उचलतात हेही दाखवले गेले आहे. २००४ मधले त्यावरचे काम या क्षेत्रात वळण देणारे ठरले.

ऑक्सिजनबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. एसआरबींना ऑक्सिजन चालत नाही, तेव्हा थोडा ऑक्सिजन शिरला तर बरेच, असे वाटू शकते. प्रत्यक्षात अधूनमधून शिरणारा ऑक्सिजन सर्वांत घातक आहे. तो लोखंडी सल्फाइडचे अंशतः ऑक्सिडीकरण करून मूळ रूपातला गंधक तयार करतो, आणि ओला गंधक पोलादाला झपाट्याने खातो. जिवाणू मरत नाहीत. ते थराखाली सुरक्षित असतात. एनटीएसबीच्या कारणांच्या यादीत सूक्ष्मजीवांशेजारी ऑक्सिजन आहे, त्यात विसंगती काही नाही.

आता क्लोराइड. खड्ड्याच्या तळाशी लोखंडाचे धनभारित आयन साठतात. विद्युतभार समतोल राखायला बाहेरचे ऋणभारित क्लोराइड आयन आत ओढले जातात. लोखंडाचे क्लोराइड पाण्याशी क्रिया करून हायड्रोक्लोरिक आम्ल देते, त्याने आणखी लोखंड विरघळते, आणखी क्लोराइड आत येते. इथपर्यंत आले की खड्डा स्वतःच्या बळावर खोल होतो. याच टप्प्यामुळे नंतर नुसते जिवाणू मारून भागत नाही. खड्डा खरवडून धुतला नाही तर आतले आम्लयुक्त खारे पाणी आपले काम चालू ठेवते.

जिवाणू सापडणे हा पुरावा नव्हे

समांतर रेघा, खालून पोखरलेली कड, खड्ड्यात खड्डा ही रूपे जिवाणूजन्य गंजात वारंवार दिसतात. पण तीच रूपे कार्बन डायऑक्साइडच्या गंजातही येतात, आणि रेघा तर पत्रा लाटताना लांबट झालेल्या अशुद्धींच्या दिशेने कोणत्याही आम्लात उमटू शकतात. क्लोराइड तळाशी वाढणे हेही कुठल्याही खड्ड्याचे लक्षण आहे. जिवाणू तर नदीच्या पाण्यात, मातीत, हातमोज्यावरही असतात. फुटलेला पाइप या सगळ्याच्या संपर्कात आलेला असतो. म्हणून निदान करताना चार गोष्टी एकाच जागी आणि एकमेकींशी जुळणाऱ्या मिळाव्या लागतात: जिवाणू, त्यांना जगवणारे पाणी व अन्न, त्यांनीच केलेले असावे असे रासायनिक उत्पादन, आणि धातूवरचे रूप. यातले एखादेच हाती असेल तर ‘सूक्ष्मजीवांचा सहभाग संभवतो’ एवढेच लिहावे.

नमुना घेण्यातली हयगय नंतर कुठल्याही यंत्राने भरून निघत नाही, म्हणून त्याचा क्रम सविस्तर देतो.

पाइप कापण्याआधी त्याच्या बाहेरच्या बाजूला वरची दिशा आणि वाहण्याची दिशा रंगाने खुणा करून ठेवा. आतल्या प्रत्येक खड्ड्याची जागा घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत (६ म्हणजे पाइपचा तळ) नोंदवा. सगळे खड्डे ५ ते ७ च्या दरम्यान असतील तर साचलेल्या पाण्याची शंका पक्की होते. कापताना गॅसची ज्योत वापरू नका, उष्णतेने नमुना मरतो. थंड कापणी करा. कोरडा लोखंडी सल्फाइड हवेत आपोआप पेटू शकतो. म्हणून आत नायट्रोजन ठेवून आधी नमुने घ्या आणि मग उरलेला गाळ ओला करून ठेवा. आधीच पाणी मारले तर विरघळणारे क्षार धुऊन जातात.

तोंड उघडताच ओल्या थरावर पीएचपट्टी दाबून आकडा लिहून घ्या. उशीर झाला तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर चढतो. थराचा कण वेगळ्या काचेवर घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका आणि वर लेड ॲसिटेटचा कागद धरा. कागद काळा पडला तर सल्फाइड आहे. वास घेऊन पाहू नका, हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात तो नाकाची जाणीवच घालवतो.

मग निर्जंतुक पात्याने थर तीन वेगळ्या बाटल्यांत घ्या: वरचा थर, भिंतीला चिकटलेला थर, खड्ड्याच्या तळातला गाळ. त्याच पाइपच्या त्याच उंचीवरच्या न गंजलेल्या जागेचाही नमुना घ्या. हा चौथा नमुना बहुतेक अहवालांत नसतो, आणि तो नसेल तर बाकीच्या तिघांना फारसा अर्थ उरत नाही. धड जागेवरही तितकेच जिवाणू निघाले, तर खड्डा त्यांनीच केला असे कसे म्हणणार?

जिवाणू वाढवून मोजायची जुनी पद्धत अजून उपयोगी आहे. ९ मिलिलिटर पोषक द्रव असलेल्या पहिल्या बाटलीत १ मिलिलिटर नमुना, तीतून १ मिलिलिटर दुसरीत, अशा सहा बाटल्या. दर वेळी नवी सिरिंज, आत हवेचा बुडबुडा नको. एसआरबींसाठी २८ दिवस, आम्लवाल्यांसाठी १४ दिवस, लाइनच्या तापमानाच्या आसपास ठेवायच्या. एसआरबींची बाटली काळी पडते. चौथ्या बाटलीपर्यंत काळी झाली आणि पाचवी स्वच्छ राहिली, तर मिलिलिटरमागे १,००० ते १०,००० जिवाणू. पोषक द्रवाचा खारेपणा नमुन्याच्या पाण्याइतका ठेवला नाही तर निकाल खोटा शून्य येतो, आणि ही चूक फार होते. शिवाय निसर्गातल्या जिवाणूंपैकी मोठा भाग अशा बाटलीत वाढतच नाही. त्यामुळे सोबत डीएनए मोजणी करा; तिच्यासाठीचा नमुना ताबडतोब बर्फावर किंवा परिरक्षक द्रवात. बाटल्यांसाठीचा नमुना मात्र गोठवू नका. डीएनए मेलेल्या जिवाणूंचेही मोजले जाते, म्हणून बायोसाइड (जिवाणूनाशक औषध) घातल्यानंतरच्या दिवसांत तो आकडा एकटा वाचू नये.

हे सगळे झाल्यावरच धातू आम्लाने स्वच्छ करून खड्ड्यांची खोली आणि रूप पाहायचे. प्रयोगशाळेत तुकडा आधी चकचकीत करून मग जिवाणू शोधायला घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत.

काय चालते, काय चालत नाही

पाणी बंद केले तर उरलेल्या उपायांचे ओझे हलके होते, म्हणून पहिला खर्च तिथे करावा. लाइनमध्ये वायू शिरतो त्या प्रत्येक जागी ओलावा मोजणारे यंत्र हवे आणि मर्यादा ओलांडली की झडप बंद करण्याचा अधिकार पाळीवरच्या माणसाला हवा. दर बिघाडाची नोंद ठेवून किती वेळ किती ओला वायू आत गेला याचा हिशेब लावावा.

ड्रिपच्या वहीत दर वेळी किती लिटर निघाले हे लिहावे. एरवी नेमाने द्रव देणारी ड्रिप एकाएकी कोरडी झाली, तर ती खुशखबर समजू नये. ती तुंबली असण्याची शक्यता तितकीच आहे. बाहेरून अल्ट्रासॉनिक लावून आत गाळ आहे का पाहता येते; शंका राहिली तर उघडावी. निघालेल्या द्रवात पीएच, लोह, मँगनीज, क्लोराइड, सल्फेट, सेंद्रिय आम्ले आणि जिवाणू तपासावेत. मँगनीज कशासाठी? साध्या पोलादात ते साधारण एक टक्का असते, तेव्हा लोह आणि मँगनीज त्या प्रमाणात सापडले तर ते पाइपच्या भिंतीतूनच येत आहे असे मानायला जागा आहे.

पिग फिरवल्यावर गाळ बाहेर काढणे हा कामाचा अर्धा भाग आहे. खरवडलेला गाळ पुढच्या सखल जागी किंवा पुढच्या ड्रिपमध्ये सोडून दिला, तर जिवाणू, अन्न आणि क्षार यांची एकत्र पेरणी होते. बायोसाइड द्यायचा तो पिगने साफ केल्यानंतर, दोन पिगांच्या मध्ये कोंडून, भिंतीला ठरलेला वेळ लागून राहील अशा वेगाने. गाळावरून ओतलेले औषध वरचे जिवाणू मारते, थराखालचे जिवंत राहतात आणि पुन्हा वाढतात. किती मात्रा आणि किती वेळ हे त्या लाइनच्या पाण्यातल्या चिकटलेल्या जिवाणूंवर चाचणी घेऊन ठरवावे. पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंवरची चाचणी मात्रा कमी दाखवते. ग्लुटारल्डिहाइड हे औषध ऑक्सिजन शोषण्यासाठी घातलेल्या बायसल्फाइटने निष्प्रभ होते, म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी सोडू नयेत. टीएचपीएस हे दुसरे जिवाणूनाशक लोखंडी सल्फाइड विरघळवायलाही मदत करते, ही त्याची जमेची बाजू. आणि कोरड्या वायूच्या लाइनमध्ये ही औषधे पाण्यात मिसळून जातात, हे विसरू नये: शेवटी कोरडे पिग फिरवून ते पाणी काढले नाही, तर उपचारानेच डबके भरले असे होईल.

कूपन, म्हणजे वजन करून लाइनमध्ये ठेवलेली पोलादाची पट्टी, पाइपच्या मधोमध वाहत्या वायूत लटकवली तर ती वर्षानुवर्षे चकचकीत राहते आणि तळ गंजत राहतो. ती सखल जागी, ६ वाजण्याच्या स्थितीत, भिंतीशी समतल बसवायला हवी. वजनातली घट सबंध पृष्ठभागावर वाटली जाते; जिवाणूजन्य गंजात सर्वांत खोल खड्डा मोजल्याशिवाय कूपनचा अहवाल अपुरा.

नियमांत काय बदलले

अपघाताच्या वेळीही अमेरिकेच्या नियम १९२.४७५ प्रमाणे गंजकारक वायू वाहून नेताना त्याचा परिणाम तपासणे आणि उपाय करणे बंधनकारक होते. नियम १९२.४७७ कूपन किंवा तत्सम साधने वर्षातून दोनदा, साडेसात महिन्यांपेक्षा जास्त अंतर न पडू देता तपासायला सांगतो, पण वायू गंजकारक असेल तर. म्हणजे सगळे ‘गंजकारक’ ठरवण्यावर येऊन थांबते, आणि नेहमीचा वायू कोरडा असला तर तो निर्णय नकारार्थी घेणे सोपे असते. आमच्या मते हीच त्या रचनेतली कच्ची जागा होती: वायूचा दर्जा सरासरीने ठरतो, गंज मात्र एखाद्या वाकातल्या डबक्याच्या दर्जाने ठरतो. एनटीएसबीने कंपनीबरोबर सरकारी तपासणीलाही दोष दिला. अपघातापूर्वीच्या पाहण्यांत कंपनीच्या कार्यक्रमातल्या उणिवा पकडल्या गेल्या नव्हत्या.

२००७ मध्ये नियम १९२.४७६ आला. नव्या पारेषण लाइनची मांडणीच द्रव साचण्याचा धोका कमी करणारी हवी, द्रव काढण्याची परिणामकारक सोय हवी, आणि जिथे आतल्या गंजाची शक्यता जास्त तिथे निरीक्षणाची साधने बसवता यायला हवीत, असे तो सांगतो. त्याच वर्षी एल पासोने तडजोडीत १.५५ कोटी डॉलर दंड आणि सुमारे ८.६ कोटी डॉलरच्या सुधारणा मान्य केल्या.

जुन्या लाइनींसाठी मात्र १९२.४७५ मधलेच एक कलम सर्वांत हाताशी आहे. कुठल्याही कारणाने पाइपचा तुकडा काढला, तर त्याची आतली बाजू गंजासाठी पाहायची. गंज दिसला तर शेजारचा पाइपही तपासायचा. झडप बदलताना, जोड देताना, रस्त्यासाठी लाइन सरकवताना असे तुकडे निघतच असतात. तो तुकडा भंगारात जाण्याआधी त्याच्या तळाचा फोटो, पीएचपट्टीचा आकडा, लेड ॲसिटेटच्या कागदाचा रंग आणि सर्वांत खोल खड्ड्याचे माप नोंदवायला अर्धा तास लागतो. पिग जाऊ शकत नाही अशा लाइनमध्ये आत डोळ्यांनी पाहण्याची ही मोजक्या संधींपैकी एक असते.